रंग जावा, वस्तू राहावी
रंग उतरवण्याच्या रसायनाचा इतिहास

रंग कसे तयार झाले, कोणत्या दगडातून, झाडातून किंवा किड्यातून ते मिळवले गेले, याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. लावलेला रंग काढायचा कसा, या प्रश्नालाही इतिहास आहे, पण त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. या इतिहासात रसायनशास्त्र आहे, थोडा व्यापार आहे आणि दुर्दैवाने काही माणसांचे मृत्यूही आहेत. या लेखात आपण एका अगदी लहान वस्तूच्या निमित्ताने तो पाहणार आहोत.

ही वस्तू म्हणजे विमानाच्या किंवा जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीचा एक सुटा भाग, समजा एक पंख. तो रेझीनचा आहे. साच्यात ओतून केलेला, बोटभर लांब, त्यावर नखाने जाणवतील एवढ्या बारीक रेषा आणि ठिपक्यांएवढे खिळे. कुणीतरी त्याला रंग दिला, पण तो जाड बसला आणि सगळ्या रेषा बुजल्या. आता तो रंग काढायचा आहे. खरवडावे तर रेषाच जातील. पॉलिश पेपरने घासावे तरी तेच. म्हणजे द्रवात बुडवूनच काढायला हवा. असा द्रव हवा की जो रंगाला सोडणार नाही आणि रेझीनला शिवणार नाही.

इथेच खरी अडचण आहे. वाळलेला रंग आणि त्याखालचे रेझीन हे दोन्ही एकाच घराण्यातले, म्हणजे लांबलचक रेणूंचे, बहुवारिक पदार्थ आहेत. एका भावाला हाकलायचे आणि दुसऱ्याला घरात ठेवायचे, असा हा प्रकार आहे.

रंग वाळतो म्हणजे काय होते?

रंग वाळतो म्हणजे त्यातले पाणी किंवा थिनर उडून जाते, असे विद्यार्थी सांगतात. हे अर्धेच उत्तर आहे. वाळण्याच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा निव्वळ बाष्पीभवनाची. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार लाकडाला पॉलिश करतात, त्यात स्पिरिट उडते आणि लाख मागे राहते. पुन्हा स्पिरिट लावले की ती पुन्हा विरघळते. नखांचे पॉलिशही याच जातीचे.

दुसरी तऱ्हा पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांची. यात बहुवारिकाचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी गेले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही, पण त्याचे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जखडलेले नसतात. असे रंग विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाजारात आले.

तिसरी तऱ्हा खऱ्या रासायनिक क्रियेची. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांशी आडव्या बंधांनी जोडले जातात आणि एक जाळे तयार होते. आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो ते बहुतेक रंग अल्किड रेझीनचे असतात. ते १९२०च्या दशकात पुढे आले. तेही याच रीतीने वाळतात.

वितळलेले तूप थिजते आणि ऊब मिळाली की पुन्हा वितळते. इडलीचे मात्र पुन्हा पीठ होत नाही. पहिल्या दोन तऱ्हांचे रंग तुपासारखे, तिसरी तऱ्हा इडलीसारखी. हाच भेद प्लॅस्टिकमध्येही आहे. पॉलिस्टायरीन तुपाच्या जातीचे आहे. १८३९ मध्ये एडुआर्ड सिमॉन या जर्मन औषधविक्रेत्याला ते प्रथम दिसले, पण त्याचे स्वरूप कळायला हेर्मान स्टाउडिंगर यांचा १९२० सालचा लांब रेणूंचा सिद्धांत यावा लागला. दुकानात मिळणाऱ्या जोडणीच्या विमानांचे संच पॉलिस्टायरीनचे असतात. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीचे पहिले स्पिटफायर विमान १९५३चे. प्रतिकृती करणाऱ्यांचे ‘रेझीन’ मात्र बहुधा पॉलियुरेथेन असते. ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधलेला हा पदार्थ. दोन द्रव एकत्र करून सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतले की काही मिनिटांत ते घट्ट होतात. कारखान्याच्या अवजड यंत्रांची गरज नसल्यामुळे १९८०च्या दशकात जपानमधल्या हौशी मंडळींनी घरच्या घरी असे संच करायला सुरुवात केली. ओतकामाच्या या रेझीनमध्ये रेणूंचे जाळे झालेले असते. म्हणजे आपला पंख इडलीच्या जातीचा आहे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

कॉस्टिकचे राज्य

तेलाचे रंग काढण्याची जुनी रीत अल्कलीची. राखेचे पाणी, चुना आणि सोडा, पुढे कॉस्टिक सोडा. तेलाच्या रेणूत एस्टर बंध असतात. अल्कली हे बंध तोडते आणि साबण तयार होतो. वर्गात तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करून दाखवताना जी क्रिया घडते, तीच दारावरच्या जुन्या रंगात घडते.

ही रीत स्वस्त होती, पण रंगाऱ्याचे हात भाजत, लाकूड काळवंडे, त्याचे तंतू उभे राहत. जिथे एस्टर बंध सहज तुटण्यासारखे नाहीत तिथे तिचा उपयोगही होत नसे. दुसरा मार्ग ज्योतीने रंग भाजून खरवडण्याचा. जुन्या तेलरंगांत सफेदा म्हणजे शिशाचे संयुग असे आणि रंग जाळला की शिशाचा धूर नाकातोंडात जाई. शिशाचा हा प्रश्न आपल्याकडेही जुना नाही. घरगुती रंगांत शिसे दर दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या भिंती, दारे आणि खेळणी कोरडी घासू नयेत हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

एलिस यांचे मेण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कार्लटन एलिस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने एक वेगळी वाट काढली. बेंझीनसारखे द्रावक रंगाला मऊ करतात हे माहीत होते. अडचण अशी की उभ्या दारावर लावलेले द्रावक रंगात मुरण्याआधीच उडून जाई. एलिस यांनी त्यात थोडे मेण विरघळवले आणि शिवाय अल्कोहोल मिसळले. बेंझीनमध्ये मेण विरघळते, अल्कोहोलमध्ये फारसे नाही. त्यामुळे मिश्रण पसरले आणि पृष्ठभागावरचे थोडे बेंझीन उडाले, की मेण लगेच बाहेर पडून वर पातळ साय धरते. या सायीखाली द्रावक अडकून राहते आणि त्याला आत शिरण्यावाचून वाट उरत नाही. १९०२ मध्ये त्यांना याचे पेटंट मिळाले. दूध तापवताना सायीखाली वाफ कशी कोंडते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

एलिस यांच्या नावावर पुढे शेकडो पेटंटे जमा झाली. वनस्पती तूप ज्या हायड्रोजनीकरणाने होते त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. १९३०च्या दशकात असंपृक्त पॉलिएस्टर रेझीन स्टायरीनबरोबर घट्ट करण्याची रीतही त्यांनी दाखवली. फायबरग्लासच्या होड्या आणि पाण्याच्या टाक्या ज्या रेझीनच्या होतात त्याचे हे मूळ. रंग उतरवणारे मिश्रण आणि सहजासहजी न विरघळणारे रेझीन, दोन्ही एकाच माणसाच्या हातून पुढे आले.

मेणाच्या युक्तीत एक खोट होती. मेणाचा अंश पृष्ठभागावर राहिला तर नवा रंग धरत नाही, म्हणून वस्तू नीट धुवावी लागे. बेंझीनची खोट मात्र धुऊन जाणारी नव्हती. ते ज्वालाग्राही आहे आणि अस्थिमज्जेवर परिणाम करते. बेंझीन आणि रक्ताचा कर्करोग यांचा संबंध सुचवणारी पहिली नोंद १९२८ची आहे. १९७०च्या दशकात इस्तंबूलमधल्या चपला-बूट करणाऱ्या कारागिरांच्या अभ्यासाने तो आणखी स्पष्ट झाला. हे कारागीर बेंझीन असलेला चिकटवण्याचा द्रव बंद खोल्यांत वापरत असत.

न पेटणारे द्रावक

बेंझीनची जागा घेतली डायक्लोरोमीथेनने. यालाच मिथिलीन क्लोराइड म्हणतात. १८३९ मध्ये आंरी व्हिक्तॉर रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले. पॉलिस्टायरीन दिसले तेही याच वर्षी. मिथेनच्या रेणूतल्या चार हायड्रोजनांपैकी दोघांच्या जागी क्लोरीन आले की हा रेणू होतो. तो लहान आहे, ४० अंश सेल्सियसला उकळतो आणि सहज पेट घेत नाही. एवढे गुण एकत्र असलेले दुसरे स्वस्त द्रावक नव्हते.

त्याचे काम पाहण्यासारखे असते. ते रंग ‘विरघळवत’ नाही. जाळे झालेला रंग विरघळतच नाही. पाण्यात भिजवलेला हरभरा विरघळत नाही, फुगतो. तसेच हे लहान रेणू जाळ्याच्या भोकांतून आत शिरतात आणि पापुद्रा फुगतो. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये या फुगण्याचे गणित मांडले. द्रावक जाळ्याला ताणू पाहते, जाळे रबरासारखे आत ओढते आणि दोन्ही ओढी सारख्या झाल्या की फुगणे थांबते. आडवे बंध जितके दाट तितके फुगणे कमी. रंगाचा पापुद्रा मात्र खालून वस्तूला चिकटलेला असतो. त्याला आडवे पसरता येत नाही, म्हणून तो सुरकुततो, फुगवटे येतात आणि शेवटी जागेवरून सुटतो. विमानांच्या पत्र्यावरचे चिवट रंग काढायला, फर्निचर दुरुस्तीला आणि घरगुती कामाला डायक्लोरोमीथेन अनेक दशके वापरले गेले.

श्वासातून आलेला विषारी वायू

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी येथील रिचर्ड स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक अनपेक्षित निष्कर्ष प्रसिद्ध केला. डायक्लोरोमीथेनची वाफ श्वासावाटे घेतलेल्या माणसांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड वाढलेला आढळला. खोलीत चूल नव्हती, गाडीचा धूर नव्हता. मग हा वायू आला कोठून? तो शरीरातच तयार झाला होता. यकृतातली विकरे डायक्लोरोमीथेनचे विघटन करतात आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. शिवाय हे द्रावक शरीरातल्या चरबीत साठते, त्यामुळे माणूस मोकळ्या हवेत आल्यावरही काही तास हा वायू तयार होतच राहतो.

१९७६ मध्ये स्टुअर्ट आणि हेक यांनी एका निवृत्त गृहस्थाची हकीकत नोंदवली. तळघरात बसून जुन्या फर्निचरचा रंग काढताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले आणि पुन्हा झटका आला. तिसरा झटका प्राणघातक ठरला. आधी कुणी रंग काढण्याच्या डब्याकडे संशयाने पाहिले नव्हते.

यापेक्षाही थेट धोका आहे तो वाफेच्या गुंगीचा. डायक्लोरोमीथेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते, ती खाली साचते. स्नानाच्या टबाचा रंग काढणारा कामगार टबात वाकून काम करतो, म्हणजे नेमके तोंड या साठ्यात घालून. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००० ते २०११ या काळात टबाचा रंग काढणारे १३ कामगार अशा रीतीने दगावल्याची नोंद आहे. स्नानगृहे लहान, खिडक्या बंद, आणि डब्यावर ‘हवेशीर जागी वापरा’ असे छापलेले.

हे सगळे १९७२ पासून माहीत होत गेले, तरी बंदी यायला किती काळ लागला ते पाहा. युरोपीय संघाने २००९ मध्ये निर्णय घेऊन २०१० ते २०१२ या काळात ही रंगकाढी द्रावणे टप्प्याटप्प्याने हटवली. अमेरिकेने घरगुती वापरासाठी त्यांची विक्री २०१९ मध्ये बंद केली आणि २०२४ मध्ये इतर बहुतेक वापरांवर बंदीचा नियम काढला. पहिल्या शोधनिबंधापासून घरगुती बंदीपर्यंत ४७ वर्षे गेली. मधल्या काळात पर्याय म्हणून आलेल्या एन-मिथिल पायरोलिडोन या द्रावकाबद्दलही, ते गर्भाच्या वाढीस घातक असल्याचे आढळल्याने, काळजी निर्माण झाली. न पेटणारे म्हणजे निर्धोक नव्हे आणि नवे म्हणजे निर्धोक नव्हे, हे दोन धडे रंगाऱ्यांनी फार महाग विकत घेतले.

द्रावकांचा नकाशा

एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल की इथपर्यंतची वाटचाल चाचपडत झाली. जो द्रव सापडला तो लावून पाहायचा. कोणते द्रावक कशाला विरघळवेल हे आधीच सांगता आले तर?

अमेरिकेत बर्कले येथे जोएल हिल्डेब्रँड यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले. ते १०१ वर्षे जगले आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे आवडते शिक्षक होते, हे या मासिकाच्या वाचकांना आवडेल. द्रवातले रेणू एकमेकांना किती जोराने धरून ठेवतात हे सांगणारा एक अंक त्यांनी काढला. त्याला विद्राव्यता गुणांक म्हणू. दोन पदार्थांचे अंक जवळ असतील तर ते एकमेकांत मिसळण्याची शक्यता जास्त. हा अंक (मेगापास्कलच्या वर्गमुळात) हेक्झेनसाठी सुमारे १५, टोल्युईनसाठी १८, ॲसिटोन आणि डायक्लोरोमीथेनसाठी २०, आयसोप्रोपिल अल्कोहोलसाठी २३.५, इथाइल अल्कोहोलसाठी २६.५ आणि पाण्यासाठी ४८ आहे. पॉलिस्टायरीनचा साधारण १८.५ आणि ॲक्रिलिकचा साधारण १९. टोल्युईन पॉलिस्टायरीन का विरघळवते आणि पाणी का नाही, हे लगेच कळते.

पण एक अंक पुरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल पॉलिस्टायरीनपासून ५ ने दूर आहे आणि ॲक्रिलिकपासून ४.५ ने. म्हणजे जवळजवळ सारखेच. तरीही प्रत्यक्षात ते प्रतिकृतींवरचे ॲक्रिलिक रंग मऊ करते आणि पॉलिस्टायरीनला काही करत नाही. याचे उत्तर चार्ल्स हॅन्सन यांच्या १९६७ सालच्या कोपनहेगन येथील प्रबंधात मिळते. त्यांचा विषयच रंगांची द्रावके हा होता. त्यांनी एका अंकाचे तीन अंक केले. पहिला सर्व रेणूंमध्ये असणाऱ्या क्षीण आकर्षणाचा, दुसरा ध्रुवीयतेचा आणि तिसरा हायड्रोजन बंधाचा. ॲसिटोनसाठी हे अंक १५.५, १०.४ आणि ७ आहेत, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलसाठी १५.८, ६.१ आणि १६.४. तिसऱ्या अंकातला फरक पाहा. ॲक्रिलिकच्या रेणूत ऑक्सिजन असलेले एस्टर गट आहेत, त्यांच्याशी अल्कोहोल हायड्रोजन बंधाने हात मिळवू शकते. पॉलिस्टायरीनमध्ये निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन, तिथे असा हात कुणी पुढे करत नाही. शिवाय पाण्यात मिसळणाऱ्या रंगांत गोळे एकत्र ठेवण्यासाठी इतर पदार्थ घातलेले असतात, त्यांनाही अल्कोहोल ओढून काढते. ॲक्रिलिकचा पापुद्रा पूर्ण विरघळत नाही, पण एवढा मऊ होतो की जुन्या दातांच्या ब्रशने निघतो.

आपल्या पंखाचे काय?

आता आपल्या रेझीनच्या पंखाकडे येऊ. त्यावर ॲक्रिलिक रंग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल हे बरे उत्तर आहे. २०२० नंतर हात निर्जंतुक करण्याच्या द्रवांमुळे ते घराघरांत पोचले आहे. रंग अल्किडचा, म्हणजे ‘एनॅमल’ असेल तर अल्कोहोल पुरत नाही. पॉलिस्टायरीनच्या भागावरचे असे रंग कॉस्टिकने काढता येतात, कारण पॉलिस्टायरीनमध्ये तुटण्यासारखे एस्टर बंध नाहीत. पण भाग पॉलिएस्टर रेझीनचा असेल तर तेच कॉस्टिक रंगाबरोबर वस्तूही खाऊ लागेल. म्हणजे ‘रंग कोणता?’ एवढे विचारून भागत नाही, ‘खाली काय आहे?’ हेही विचारावे लागते.

तिसरा प्रश्न ‘किती वेळ?’ हा आहे, आणि याचे गणित दहावीच्या वर्गातही करता येईल. द्रावक पदार्थात शिरते ते विसरणाने, आणि विसरणात लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर आहे आणि तो पार करायला द्रावकाला १ मिनिट लागते. वाईटात वाईट धरून चालू की रेझीनमध्येही ते तेवढ्याच सहजतेने शिरते. मग २ मिलिमीटर, म्हणजे ४० पट अंतर जायला ४० चा वर्ग म्हणजे १६०० मिनिटे, सुमारे २७ तास लागतील. एका तासात ते फार तर ०.४ मिलिमीटर आत जाईल. पण त्याच विमानाची अँटेना अर्धा मिलिमीटर जाड असेल तर? द्रावक सर्व बाजूंनी शिरते, त्याला पाव मिलिमीटरच जायचे आहे, म्हणजे थराच्या ५ पट. ५ चा वर्ग २५. पंचवीस मिनिटांत ते गाभ्यापर्यंत पोचले. म्हणून अनुभवी लोक रात्रभर बुडवून ठेवत नाहीत. थोडा वेळ बुडवतात, ब्रश फिरवतात, धुतात आणि गरज पडली तर पुन्हा बुडवतात. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या, थ्रीडी छपाईच्या रेझीनचे भाग याच अल्कोहोलने धुतात, पण त्यातच फार वेळ राहिले तर फुगतात आणि चिरतात, त्याचेही कारण हेच.

वस्तूच रंगाची असेल तर?

विमानाचा पंख बिघडला तर दुसरा ओतता येतो. पण काही वस्तू पुन्हा ओतता येत नाहीत. तैलचित्रावरचे पिवळे पडलेले वॉर्निश काढताना खाली ठेवायची वस्तू म्हणजे रंगच असतो. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८६३ मध्ये चित्राला हात न लावता धुरकट वॉर्निश पुन्हा पारदर्शक करण्याची रीत शोधली. पेटीत चित्र ठेवायचे आणि त्याला अल्कोहोलची वाफ द्यायची. वॉर्निश मऊ होऊन त्यातल्या सूक्ष्म भेगा मिटत. परिणाम चकित करणारा होता आणि ही रीत युरोपभर वापरली गेली. पण वाफ वॉर्निशपाशी थांबत नव्हती. तिने खालचा रंगही मऊ केला, आणि अशा काही चित्रांत रंगाच्या थरांना झालेली इजा पुढे अभ्यासकांना आढळली. विसरण ही सीमा पाळत नाही, हे आपण पंखाच्या उदाहरणात पाहिलेच.

हाच प्रश्न आपल्या अजिंठ्यात आहे. एकोणिसाव्या शतकात चित्रांच्या नकला काढताना रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर वॉर्निश लावले गेले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांचे नकलांचे काम १८७२ ते १८८५ या काळातले. पुढे १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटू पाहणारे पापुद्रे बसवले आणि चित्रांवर लाखेचे लेप दिले. हेतू चांगला होता. पण कालांतराने हे लेप पिवळे-तपकिरी झाले, त्यांवर धूळ आणि काजळी बसली आणि मूळ रंग झाकोळले. १९५३ पासून ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि त्यांच्या रसायनतज्ज्ञांनी हे लेप हळूहळू काढण्याचे काम अनेक वर्षे केले.

या कामातली मेख आता आपल्याला समजू शकते. अजिंठ्याचे रंग कोरड्या गिलाव्यावर सरस किंवा डिंकासारख्या पाण्याला भिणाऱ्या बंधकाने बसवलेले आहेत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, बंधक फारसा नाही. म्हणजे नकाशावर दोघे दूर आहेत आणि अल्कोहोलसारख्या द्रावकांना जागा आहे. पण जुनी होताना लाखेच्या रेणूंमध्येही आडवे बंध तयार होतात, ती विरघळेनाशी होते. तुपाची इडली होऊ लागते, म्हणा ना. प्रत्येक दशकाने हे काम अवघड होत जाते. आणि इथे चूक झाली तर दीड हजार वर्षांपूर्वीचा रंग कापसाच्या बोळ्यावर येणार, तो परत लावता येणार नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

चार छोट्या काचेच्या वाट्या घ्या. त्यांत पाणी, साबणाचे पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ॲसिटोन (नखांचे पॉलिश काढण्याचा द्रव) घाला. ॲक्रिलिक रंगाचे ठिपके चार प्रकारच्या तुकड्यांवर देऊन आठवडाभर वाळू द्या: थर्माकोल, सीडीची पारदर्शक डबी, काचपट्टी आणि मेलामाइनच्या फुटक्या ताटलीचा तुकडा. यांतले पहिले दोन पॉलिस्टायरीन आहेत आणि मेलामाइन इडलीच्या जातीचे. प्रत्येक द्रवाचे थेंब कापसाच्या बोळ्याने लावून १, ५ आणि १५ मिनिटांनी काय होते ते तक्त्यात भरायला सांगा. रंग सुटला का, वस्तू मऊ झाली का, अशी दोन वेगवेगळी रकाने ठेवा. थर्माकोल ॲसिटोनमध्ये बसताना पाहून मुले ओरडतील, पण डबीवर तोच पदार्थ असून वेळ का लागतो, हा प्रश्न त्यांनाच विचारा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, ॲसिटोन शिक्षकांनीच हाताळावे आणि थेंबाथेंबानेच वापरावे. बाजारातली तयार रंगकाढी द्रावणे वर्गात आणू नयेत. त्यांपैकी कोणत्या डब्यावर घटकांमध्ये मिथिलीन क्लोराइड लिहिले आहे हे मात्र मुलांना गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन, डबा न उघडता, वाचून यायला सांगता येईल.